उपचाराआधीचा एक प्रश्न

‘वीर्य’ हा शब्द कॉलेजच्या वार्षिक अंकात पाहून काहींच्या भुवया उंचावतील, याची मला कल्पना आहे. पण गाईम्हशींसाठी गोठविलेल्या वीर्याविषयी आपल्या खेड्यापाड्यांत चारचौघांत बोलले जाते. उरुळीकांचनच्या ‘बाएफ’ संस्थेने तर ते शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेले. माणसाचा विषय निघाला की मात्र आपण गप्प! या मौनाची किंमत कर्करोग झालेल्या तरुणाला मोजावी लागू शकते, म्हणून हा लेखनप्रपंच.

कर्करोगावरची अनेक औषधे झपाट्याने विभागणाऱ्या पेशींवर घाव घालतात. शुक्रजंतू निर्माण करणाऱ्या पेशीही तशाच; रोगाबरोबर त्याही मारल्या जाऊ शकतात. किरणोपचारांचा मारा त्या भागावर झाला तरी तेच. काहींची प्रजननशक्ती काही वर्षांनी परत येते, काहींची कधीच येत नाही. कोणाची येईल हे आधी खात्रीने सांगता येत नाही.

यावर उपाय म्हणजे उपचारापूर्वीच वीर्याचा नमुना गोठवून ठेवणे. नुसते गोठविले तर पाण्याचे बर्फ होऊन पेशी फाटतात. १९४९ साली इंग्लंडमध्ये पोल्ज, स्मिथ व पार्क्स यांनी दाखविले की, ग्लिसरॉल मिसळल्यास शुक्रजंतू तग धरतात. १९५३ मध्ये अमेरिकेतील बंज व शर्मन यांनी माणसाच्या गोठविलेल्या वीर्यापासून गर्भधारणा झाल्याचे प्रसिद्ध केले. आज असे नमुने द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश सेल्सियसला वर्षानुवर्षे टिकतात. वितळविताना बरेच शुक्रजंतू मरतात. परंतु एकच शुक्रजंतू बीजांडात सोडण्याचे तंत्र १९९२ पासून साधले असल्याने थोडेही पुरतात. अपत्य होईलच अशी हमी मात्र कोणी देऊ शकत नाही.

सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगला १९९६ मध्ये, पंचविशीत, वृषणाचा कर्करोग झाला. औषधोपचारापूर्वी त्याने नमुना ठेवला होता. त्यातूनच १९९९ मध्ये त्याला मुलगा झाला.

नमुना देण्यास बहुधा दोन-चार दिवस पुरतात. खर्च आहे, साठवणीचे भाडेही आहे. पण खरी अडचण संकोचाची. विसाव्या वर्षी, जिवावर बेतलेले असताना, आईवडिलांसमोर हा विषय काढायचा कसा? म्हणून मला वाटते, डॉक्टरांनीच तो आधी काढावा. त्यांनी नाही काढला, तर रुग्णाने विचारावे. त्याची जीभ रेटत नसेल, तर सोबत गेलेल्या मित्राने विचारावे. मात्र औषधाची पहिली सुई टोचण्यापूर्वी.