सिम बदलण्यापूर्वी

फोन लागेनासा झाला की ग्राहक दुरुस्तीच्या दुकानात बहुधा निदान करूनच येतो, आणि ते निदान ‘सिम गेलं’ एवढेच असते. बुलढाणा जिल्ह्यातील तालुक्याच्या गावांत बसस्थानकासमोर किंवा बाजाराच्या रस्त्याला लागून जी मोबाइल दुरुस्तीची दुकाने आहेत, तेथील जाणत्या कारागिराचे काम या निदानावर लगेच विश्वास न ठेवण्यापासून सुरू होते. कारण सिम बदलणे हा दिसायला सोपा उपाय असला, तरी ज्या क्रमांकावर बँकेचा आणि पीएम-किसानचा ओटीपी येतो तो क्रमांक ऐन कामाच्या दिवशी अडकून पडणे शेतकऱ्याला परवडत नाही, आणि दोष पुष्कळदा कार्डात नसून फोनच्या खाचेत, कंपनीच्या नोंदीत किंवा गाव आणि टॉवर यांच्या मधल्या डोंगरात असतो.

तपासणीची पहिली खूण पडद्यावर लिहिलेली असते, पण ती सहसा कोणी नीट वाचत नाही. ‘नो सिम’ याचा अर्थ फोनला कार्डच वाचता आलेले नाही. ‘नो सर्व्हिस’ किंवा ‘इमर्जन्सी कॉल ओन्ली’ याचा अर्थ कार्ड वाचले गेले आहे, पण स्वतःच्या कंपनीचे जाळे मिळालेले नाही किंवा त्या जाळ्याने फोनला आत घेतलेले नाही. आणि रेंजच्या रेघा दिसत असूनही फोन लागत नसेल, तर प्रश्न आणखी पुढच्या टप्प्यावर आहे. दुसऱ्या अवस्थेत ११२ हा आपत्कालीन क्रमांक लागू शकतो, कारण त्या एका कामापुरता फोन कोणत्याही कंपनीच्या टॉवरचा आधार घेतो, म्हणजेच फोनची रेडिओ यंत्रणा बहुतांशी शाबूत असते.

येथे सिमचे काम नेमके काय, हे सांगणे भाग आहे, कारण रेंज सिम पकडते असा समज सार्वत्रिक आहे. रेंज पकडतो तो फोनचा अँटेना. सिम हे ग्राहकाची ओळख पटवणारे एक स्वतंत्र, अतिशय लहान संगणकयंत्र असून त्यात जास्तीत जास्त पंधरा अंकी ग्राहक-ओळख क्रमांक असतो, ज्याची सुरुवात भारतात ४०४ किंवा ४०५ ने होते आणि पुढच्या दोन-तीन अंकांवरून कंपनी व तिचे सेवाक्षेत्र कळते. त्याखेरीज कार्डात एक गुप्त किल्ली असते, जी कार्डाबाहेर कधीच येत नाही. जाळे एक यादृच्छिक संख्या पाठवते, कार्ड किल्लीच्या साहाय्याने तिचे उत्तर काढते, आणि ते कंपनीने स्वतः काढलेल्या उत्तराशी जुळले तरच फोनला प्रवेश मिळतो.

‘नो सिम’ असेल तेव्हा कारागीर ट्रे बाहेर काढून प्रथम प्रकाशासमोर धरतो. कार्डावरच्या सोनेरी पट्ट्यांपैकी वीज, रिसेट, घड्याळ-स्पंद, भूमी आणि माहितीची देवाणघेवाण यांसाठी पाच पट्ट्या मुख्यत्वे वापरात असतात. फोन कार्डाला आधी १.८ व्होल्ट देऊन पाहतो, उत्तर आले नाही तर ३ व्होल्ट देतो, आणि तरीही कार्ड गप्प राहिले तर ते नाहीच असे जाहीर करतो. जिनिंगमध्ये किंवा मळणीच्या हंगामात शेतात वापरलेल्या फोनच्या खाचेत कापसाचे तंतू आणि भुसा सापडणे नवलाचे नाही. पट्ट्यांवर साचलेला थर साध्या खोडरबराने निघतो, मात्र तो हलक्या हाताने फिरवावा लागतो, कारण वरचा सोन्याचा मुलामा अत्यंत पातळ असतो आणि उत्साहाने घासणाऱ्यांनी निरोगी कार्डेही निकामी केलेली आहेत. जुने मोठे कार्ड कटरने कापून नॅनो आकाराचे केलेले असेल, तर अडचण जाडीची असते: मूळ कार्ड ०.७६ मिलिमीटर जाड आणि नॅनो ०.६७, त्यामुळे कापलेले कार्ड खाचेत रुतते आणि ओढून काढताना आतल्या पिना वाकतात. त्या सरळ करण्यासाठी भिंग आणि टोकदार चिमटा लागतो आणि हात स्थिर असावा लागतो. हे काम घरी टाचणीने करू नये.

यानंतर येते अदलाबदल, म्हणजे ग्राहकाचे सिम दुकानातल्या चालू फोनमध्ये आणि दुकानातले चालू सिम ग्राहकाच्या फोनमध्ये घालून दोष कोणाबरोबर जातो हे पाहणे. ही या कामातील सर्वांत भरवशाची चाचणी मानली जाते, पण तिच्यातही एक चकवा आहे. एखाद्या जाळ्याने ‘येथे परवानगी नाही’ असे सांगून फोनला परत पाठवले, तर त्या जाळ्याचा संकेतांक सिमवरच्या निषिद्ध यादीत लिहिला जातो आणि फोन तेथे आपणहून पुन्हा प्रयत्न करत नाही. ही यादी कार्डावर असल्याने कार्ड दुसऱ्या फोनमध्ये घातले तरी दोष बरोबर जातो आणि चांगले सिम खराब ठरते. अशा वेळी सेटिंगमध्ये जाऊन जाळे आपोआप निवडण्याचा पर्याय बंद करावा आणि आपल्या कंपनीचे नाव हाताने निवडावे; नोंदणी झाली की तो संकेतांक यादीतून पुसला जातो.

उलट ग्राहकाच्या फोनमध्ये कोणतेच सिम चालत नसेल, तर *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा पंधरा अंकी ओळख क्रमांक पाहिला जातो. सॉफ्टवेअर चुकीचे भरल्याने तो कोरा किंवा शून्य झालेला असू शकतो. जुना घेतलेला फोन चोरीचा निघून केंद्रीय नोंदवहीत बंद केलेला असेल, तर कोणत्याही कंपनीचे जाळे त्याला घेत नाही. ‘केवायएम’ ही तीन इंग्रजी अक्षरे आणि त्यापुढे आयएमईआय लिहून १४४२२ वर संदेश पाठवला की हे कळते, आणि खरेतर ही चौकशी फोन विकत घेण्याआधीच करायची असते. रिचार्जची मुदत संपणे, किंवा टू-जी जाळेच नसलेल्या जिओचे सिम जुन्या टू-जी फोनमध्ये घालणे, ही कारणे क्षणात लक्षात येतात.

फोन आणि सिम दोन्ही ठणठणीत असतील, तर उरतो भूगोल. जिल्ह्याचे बोलण्यातले विभाजनच घाटावर आणि घाटाखाली असे आहे: अजिंठ्याच्या रांगेने बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार ही बाजू मोताळा, मलकापूर, नांदुरा, शेगाव या पूर्णेच्या सपाटीपासून वेगळी केली आहे. सपाटीवर लहर दूरवर जाते. राजूर घाटाच्या वळणांत किंवा लोणारच्या विवराच्या तळाशी मात्र दूरच्या टॉवरची लहर कड्याला अडते. ७०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी अडथळ्याला काहीशा वळसा घालतात, २३०० मेगाहर्ट्झच्या फारशा घालत नाहीत. शिवाय टॉवर कितीतरी पट अधिक शक्तीने बोलतो, तर फोर-जी फोन फार तर ०.२ वॉटने, म्हणून दरीतल्या गावात टॉवरचे बोलणे फोनपर्यंत पोहोचते, रेघाही दिसतात, पण फोनचे उत्तर टॉवरपर्यंत जात नाही. या तक्रारीवर दुकानात इलाज नसतो, आणि चांगला कारागीर तसे स्पष्ट सांगतो. गावातल्या सगळ्यांचीच रेंज एकदम गेली असेल, तर बहुधा वीज गेल्यानंतर टॉवरची बॅटरी उतरलेली असते.

उत्तरेला जळगाव जामोद आणि संग्रामपूरच्या पुढे सातपुडा लागतो आणि त्यापलीकडे मध्य प्रदेशाचा बऱ्हाणपूर जिल्हा. सीमेलगत फोन पलीकडचा टॉवर पकडतो, जो दूरसंचाराच्या हिशेबाने दुसऱ्या सेवाक्षेत्रातला असतो. कॉलला आता वेगळा दर पडत नाही, पण डेटा रोमिंगचे बटण बंद असल्यास इंटरनेट थांबू शकते.

एवढे सगळे तपासून दोष कार्डाकडेच राहिला, किंवा पीयूके हा आठ अंकी संकेतांक दहा वेळा चुकवून कार्ड कायमचे बंद पडले, तरच ओळखीची पडताळणी करून त्याच क्रमांकाचे नवे सिम घ्यावे. ते कंपनीच्या नोंदीत चालू होण्यापूर्वीच फोनमध्ये बसवले, तर जाळे ‘हा ग्राहक अज्ञात आहे’ असे उत्तर देऊ शकते आणि फोन ते कार्ड अवैध धरून बसतो. नंतर नोंद चालू झाली तरी फोन एकदा बंद करून सुरू केल्याशिवाय, किंवा सिम काढून पुन्हा घातल्याशिवाय, तो पुन्हा विचारत नाही. ‘बंद करून चालू करा’ या सल्ल्याची टिंगल होते, परंतु येथे तोच नेमका उपाय आहे. त्यानंतरही पहिले २४ तास नव्या सिमवर एसएमएस बंद असतात आणि १ जुलै २०२४ पासून सात दिवस क्रमांक दुसऱ्या कंपनीत पोर्ट करता येत नाही. दुसऱ्याच्या नावाने सिम काढून खाते रिकामे करण्याच्या प्रकारांना आळा घालण्यासाठी हे निर्बंध आहेत. त्यामुळे कॉल लागतो पण ओटीपी येत नाही, अशी तक्रार घेऊन त्याच संध्याकाळी परत आलेल्या ग्राहकाला कारागीर फोन न उघडताच उद्यापर्यंत थांबायला सांगतो, आणि त्याचे पैसे घेत नाही.