विमानाला शेपूट कशाला?

सिन्नरला संक्रांतीत पतंग न उडवलेला माणूस सापडणं कठीण. पतंग गिरक्या घ्यायला लागला की आपण खाली कागदाची शेपटी चिकटवतो. तो थोडा जड होतो, पण सरळ राहतो. विमानाच्या शेपटीचं कामही तेच. नेहमीच्या रचनेत तिला तीन पाती असतात : दोन आडवी, एक उभं.

मग तीनऐवजी दोनच, तिरकी लावली तर? पोलंडच्या येझी रुडलिट्स्की या अभियंत्याने १९३० च्या सुमारास ही कल्पना मांडली. १९४७ मध्ये अमेरिकेच्या बीचक्राफ्टने 'बोनान्झा' हे 'व्ही' आकाराच्या शेपटीचं छोटं विमान बाजारात आणलं. दिसायला देखणं, बरं का! दोन्ही पात्यांच्या मागच्या झडपा एकत्र वर-खाली झाल्या की नाक वर-खाली होतं, उलटसुलट हलल्या की डावी-उजवीकडे वळतं.

पण काही बोनान्झा हवेतच मोडल्या. माणसं गेली. बरेचदा वैमानिक ढगात गोंधळलेला असे, वेग मर्यादेबाहेर गेलेला असे. म्हणून दोष त्याच्यावर. आता आपल्याकडचा अन्वय-व्यतिरेक आठवा. १९६० पासून कंपनी जवळपास तेच विमान सरळ शेपटी लावूनही विकत होती. वैमानिक तसेच, ढग तेच. पण ती विमानं इतकी मोडत नव्हती. म्हणजे वैमानिकाची चूक हे कारण खरं, पण पुरेसं नाही. पात्याची पुढची कड आतल्या आधार-दांडीच्या बरीच पुढे आलेली होती आणि मुळाशी तिला टेकू नव्हता. वेग वाढला की पातं पिळलं जाई. १९८७ मध्ये अमेरिकी विमान खात्याने तिथे आधार बसवणं सक्तीचं केलं. तोवर 'व्ही' शेपटीच्या बोनान्झाचं उत्पादन थांबून पाच वर्षं झाली होती!

बर्ट रुटान यांनी तर १९७५ मध्ये आडवी पाती उचलून नाकाजवळच नेली. मागचं आडवं पातं बहुधा खाली दाबतं, ते ओझं पंखांवर पडतं. पुढचं पातं उचलायला मदत करतं. वेग फार कमी झाला तर आधी तेच हार मानतं, नाक आपोआप खाली येतं, मुख्य पंख शाबूत राहतात. आपल्याकडे प्रा. रुस्तम दमानिया यांच्या चमूने बंगळूरला असंच हलकं विमान केलं. 'रुस्तम' हे मानवरहित विमान त्यांच्याच नावाचं.

आणि ओझरला बनलेलं तेजस ऑक्टोबर २०२५ मध्ये उडालं ना, त्याचा फोटो घरी गेल्यावर नीट बघा. मागे आडवी पाती आहेतच कुठे? ते मुद्दामच अस्थिर ठेवलंय. क्षणोक्षणी त्याला संगणक सावरतो.