छताचा आधार : बीएमडब्ल्यू झेड 3 कूपे

अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यातील स्पार्टनबर्ग येथे 1995 पासून बीएमडब्ल्यूची झेड 3 तयार होऊ लागली, तेव्हा ती केवळ रोडस्टर, म्हणजे कापडी छत मागे दुमडता येणारी दोन आसनांची मोटार होती. तिच्या सांगाड्यातील उणीव कंपनीच्याच अभियंत्यांना खटकत होती. बुर्कहार्ड ग्योशेल यांच्या पुढाकाराने त्यांच्यातील काहींनी कामाच्या वेळेबाहेर खपून तिला पक्के छत बसवून पाहिले, आणि मूळ मोटारीचे शक्य तितके भाग तसेच ठेवावेत या अटीवर संचालकांनी त्या कूपेला मान्यता दिली. दारे, समोरची काच आणि पुढचा सगळा भाग त्यामुळे रोडस्टरचाच राहिला, आणि छताचा परिणाम वेगळा काढून तपासण्याची दुर्मीळ सोय आपोआप झाली.

तो परिणाम पीळ-दृढतेत दिसतो. मोटारीचे एक टोक घट्ट धरून दुसरे पिळले असता सांगाडा एक अंश वळण्यास जेवढे बळघूर्ण लागते, तेवढी त्याची पीळ-दृढता. ती न्यूटन-मीटर प्रति अंश या एककात मोजतात. कूपेची दृढता रोडस्टरच्या 2.7 पट असल्याचे बीएमडब्ल्यूने सांगितले, आणि त्यामागील कारण साधे आहे : झाकण चिकटवलेले खोके पिळता येत नाही, झाकण काढताच ते हातात वाकडे होते. काचेच्या चौकटीपासून मागच्या उभ्या दारापर्यंत सलग गेलेल्या कूपेच्या लांबट छताला चाहत्यांनी ‘विदूषकाचा बूट’ म्हटले, परंतु पुढचे व मागचे टोक वरून जोडणारा तोच दुवा आहे. रोडस्टरमध्ये हा सारा भार दारांखालच्या पोकळ तुळया आणि मधला बोगदा यांनाच पेलावा लागतो.

डावे पुढचे चाक खड्ड्यात गेले असता स्प्रिंग दबावी आणि शॉकअब्सॉर्बरने तो हेलकावा शमवावा, अशी अपेक्षा असते. सांगाडाच पिळला तर तो स्वतःच एक स्प्रिंग बनतो, आणि त्याला शमविणारे साधन कोणतेही नसते. काचेची चौकट व स्टिअरिंग थरथरतात, आरशातील प्रतिमा हलते, आणि वळणावर चाकांचे कोन क्षणभर ढळतात. सरळ रस्त्यावर मात्र हा भेद जवळजवळ नाहीसा होतो. युरोपातील एम या अधिक शक्तिशाली आवृत्तीत दोन्ही रूपांना 321 अश्वशक्तीचे एकच एंजिन होते व दोघींचा कमाल वेग ताशी 250 किलोमीटरवर रोखलेला होता; म्हणून केवळ वेगाचे आकडे पाहून या दोन मोटारींची तुलना करणे ही मोठीच चूक ठरते.

उघड्या मोटारीत ही उणीव भरून काढणे खर्चाचे असते. तुळया जाड केल्या, तळाशी तिरके दांडे जोडले, की वजन वाढते आणि वाढलेले वजन प्रवेग व ब्रेक यांच्या मुळावर येते. 1967 च्या शेव्हरोले कॅमेरोच्या उघड्या आवृत्तीत तर चार कोपऱ्यांना आत वजन टांगलेले डबे बसविले होते. त्यांनी थरथर कमी होई, दृढता मात्र वाढत नसे. खरा उपाय आराखड्याच्या आरंभीच योजावा लागतो. मॅक्लारेनच्या 12सीमधील कार्बन तंतूंचा तळ छतावर मुळीच विसंबून नव्हता, म्हणून तिची उघडी आवृत्ती वेगळी बळकटी न देताही केवळ 40 किलोग्रॅमने जड झाली. झेड 3च्या जागी आलेल्या पोलादी सांगाड्याच्या पहिल्या झेड 4मध्ये मात्र रोडस्टरची दृढता 14,500, तर 2006 मध्ये आलेल्या कूपेची 32,000 न्यूटन-मीटर प्रति अंश होती.

एवढे गुण असूनही झेड 3 कूपे रोडस्टरच्या मानाने फारच थोडी विकली गेली. 2018 मध्ये सादर झालेली झेड 4 केवळ उघडीच मिळत असे. तिच्याच तळावरची छतबंद मोटार हवी असणाऱ्याला टोयोटाची सुप्रा घ्यावी लागे, आणि या दोन्ही मोटारी ऑस्ट्रियातील ग्राझच्या एकाच कारखान्यात जुळविल्या गेल्या.