पंखावरच्या बोटभर पट्ट्या

जळगावच्या विमानतळावर येणारे एटीआर ७२ जातीचे विमान आता आपल्याकडे ओळखीचे झाले आहे. त्याच्या पंखांच्या टोकांकडे, वरच्या बाजूला, बोटभर उंचीच्या उभ्या पट्ट्यांची एक रांग असते. प्रवाशाला ती दिसत नाही, कारण या विमानाचे पंख खिडकीच्या वर असतात. या पट्ट्यांना व्हॉर्टेक्स जनरेटर म्हणतात.

विमानाचे अंग जितके गुळगुळीत तितके चांगले, अशी आपली समजूत. मग हा खडबडीतपणा मुद्दाम कशासाठी?

पंखाला लगटून वाहणारा हवेचा पातळ थर घर्षणाने मंदावतो. विमान उतरताना वेग कमी असतो आणि पंख वाऱ्याला जास्त तिरका धरावा लागतो. हा तिरकेपणा मर्यादेबाहेर गेला, की थकलेला थर मागच्या कडेपर्यंत पोचत नाही, मध्येच पंख सोडतो. उचल एकदम घटते. हाच ‘स्टॉल’; इंजिन बंद पडण्याशी त्याचा संबंध नाही. विमान डावी-उजवीकडे कलते करणारी एलेरॉन नावाची झडप टोकाजवळच असते. तिथली हवा सुटली तर वैमानिकाचा ताबा सुटतो, आणि जमीन जवळ असताना सावरायला उंची नसते.

एलेरॉनच्या पुढे बसवलेली प्रत्येक पट्टी प्रवाहाला थोडी तिरपी असते. तिच्यामागे एक लहान भोवरा तयार होतो आणि तो वरची वेगवान हवा खालच्या मंद थरात ओढतो. रवीने ताक घुसळावे तसेच हे! थराला पुन्हा जोर येतो, तो पंखाला चिकटून राहतो. अमेरिकेत युनायटेड एअरक्राफ्टच्या एच. डी. टेलर यांनी १९४७ मध्ये ही युक्ती मांडली, तीही पंखासाठी नव्हे, तर रुंदावत जाणाऱ्या नळीतली हवा भिंतीपासून सुटू नये म्हणून.

पट्टी फुकट काम करत नाही. तिचा स्वतःचा अडथळा इंधन खातोच. म्हणून गरज तिथेच, मोजून लावतात.

धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात. पवनचक्कीचे पातेही एक पंखच. त्याचा मुळाकडचा भाग जाड असतो, तिथे हवा लवकर सुटते आणि तेवढी वीज बुडते. धूळ आणि किडे चिकटून पाते खरखरीत झाले, की नुकसान वाढते. त्यामुळे आधुनिक पात्यांच्या मुळाशी अशाच पट्ट्या लावतात. जुन्या पात्यांवरही त्या नंतर चिकटवता येतात. मात्र त्यासाठी चक्की थांबवून माणसाला दोरावर लटकत काम करावे लागते, म्हणून ते पावसाळी वारे सुटण्याआधीच उरकलेले बरे.