कॅमेऱ्याचा वर्ण आणि ‘उघडे पितळ’

रत्नागिरीस मांडवीच्या अंगाला असलेल्या किनाऱ्यास लोक ‘काळा समुद्र’ म्हणतात, तर मिऱ्याच्या अंगाच्या किनाऱ्यास ‘पांढरा समुद्र’. वस्तुतः दोन्हीकडचे पाणी एकच. भेद आहे तो वाळूचा. मांडवीच्या वाळूत इल्मेनाइटसारखी जड व काळी खनिजे मिसळलेली आहेत, आणि वाळूचा वर्ण नावापुरता समुद्रास चिकटला आहे. वर्णवाचक विशेषण ज्या वस्तूस लावले जाते तिच्याविषयीच ते बोलत असते असे नाही, हे ध्यानात ठेवूनच प्रस्तुत विषयाकडे वळावयाचे आहे. छायाचित्रकार जेव्हा ‘काळी बॉडी’ आणि ‘सिल्व्हर बॉडी’ यांविषयी हिरिरीने बोलतात तेव्हा ते खरोखर कशाविषयी बोलत असतात, हा तो विषय होय.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. जुन्या धातूच्या कॅमेऱ्याचा सांगाडा बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असे. परंतु वरची व खालची झाकणे उत्तम प्रतीच्या कॅमेऱ्यांत पितळी पत्र्याची असत. मधल्या भागावर चामड्याचे किंवा चामड्यासारखे काळे आवरण असे. तेव्हा ज्यास आपण रुपेरी कॅमेरा म्हणतो तोही निम्मा काळाच असतो. काळ्या कॅमेऱ्यात पितळेवर रंगाची पुटे चढवीत. रुपेरी कॅमेऱ्यात निकेलचा थर देऊन त्यावर क्रोमियमचा अत्यंत पातळ थर बसवीत. क्रोमियम हा कठीण धातू आहे. तो वर्षानुवर्षे हाताळला तरी सहसा झिजत नाही. रंग मात्र झिजतो. कडा, पट्टा अडकविण्याच्या कड्या, तर्जनी टेकते ती जागा, अशा ठिकाणी प्रथम तो पातळ होतो व मग आतले पिवळे पितळ दिसू लागते. छायाचित्रकारांच्या बोलीत यास ‘ब्रासिंग’ म्हणतात.

काळा वर्ण हा मूळचा. १९२५ साली आलेला पहिला ‘लायका’ काळ्या रंगाचाच होता. क्रोमचा लेप १९३३ च्या सुमारास आला तो सुधारणा म्हणून. आणि पुढील दोन-तीन दशके रुपेरी कॅमेरा हाच सर्वसाधारण कॅमेरा ठरला. १९५४ चा ‘लायका एम ३’ बहुतांशी रुपेरीच निघाला, काळे नग मोजके. १९५९ चा ‘निकॉन एफ’ दोन्ही वर्णांत मिळे. याच काळात काळा कॅमेरा वृत्तपत्रीय व युद्धभूमीवरील छायाचित्रकारांशी निगडित झाला, आणि अनेक जपानी कंपन्या काळ्या बॉडीस थोडी अधिक किंमत लावू लागल्या. याचे कारण असे सांगितले जाई की काळा कॅमेरा चमकत नाही, म्हणून लोकांच्या नजरेत येत नाही. ३० जानेवारी १९४८ रोजी, हत्येच्या काही काळ आधी, गांधीजींची छायाचित्रे घेणारे आंरी कार्तिए-ब्रेसाँ आपल्या कॅमेऱ्याचे चकाकणारे भाग काळ्या पट्टीने झाकीत, हे सर्वश्रुत आहे. कारण खरे असेलही. परंतु माझ्या मते ते अपुरे आहे. शिमग्याच्या पालखीसमोर कॅमेरा डोळ्यास लावून उभा राहिलेला मनुष्य कॅमेरा कोणत्याही वर्णाचा असला तरी साऱ्या वाडीस दिसतोच. काळ्या वर्णाविषयीच्या ओढीचे मूळ लपण्यापेक्षा दिसण्यात आहे. आणि जे दिसते ते पितळ होय.

येथे मराठी वाचकास अडखळल्यासारखे व्हावे. आपल्या भाषेत ‘पितळ उघडे पडणे’ ही नामुष्की आहे. सोन्याचा मुलामा दिलेला दागिना झिजतो, खालची हिणकस धातू दिसते आणि सोने म्हणून मिरविणाऱ्याची फजिती होते, असे या वाक्प्रचारामागील चित्र आहे. मग उघड्या पितळेचा कॅमेरा अभिमानाने गळ्यात घालणारे छायाचित्रकार या वाक्प्रचारास खोटा पाडतात काय?

मला तसे वाटत नाही. लेपाच्या बाबतीत मराठी किती काटेकोर आहे ते पाहावे. ‘मुलामा’ हा हलक्या धातूस भारी धातूचे रूप देतो. ‘कल्हई’ ही पांढरी असली तरी चांदीचे सोंग घेत नाही; आंबट पदार्थ कळकू नये म्हणून पितळी पातेल्यास आतून कथलाचा लेप देतात, आणि तो गेला की कोणाची अब्रू जात नाही, कल्हईवाल्यास हाक मारली जाते. ‘रंग’ हा तिसरा प्रकार. तो धातूचे रूप घेतच नाही. ‘पितळ उघडे पडणे’ हे केवळ मुलाम्यासच लागू पडते. शिवाय या वाक्प्रचारातील षष्ठी नेहमी माणसाची असते: ‘त्याचे’ पितळ उघडे पडते, भांड्याचे नव्हे. म्हणजे फसविण्याचा हेतू हा या अर्थाचा अनिवार्य घटक आहे. कॅमेऱ्यावरील काळ्या रंगाने आपण सोने आहोत असे कधी म्हटलेले नाही. म्हणून त्याखालचे पितळ दिसले तर खोटेपणा बाहेर पडत नाही, बाहेर पडतो तो वापर. क्रोमचा रुपेरी लेप मला कल्हईच्या जातीचा वाटतो. नवख्यास तो चांदीचा मुलामा भासतो खरा. पण त्याचे काम राखण करण्याचे आहे.

ही जाण छायाचित्रकारांस शब्दकोशावाचून असते. येथील वृत्तपत्रांसाठी बरीच वर्षे काम केलेल्या एका छायाचित्रकाराचा काळा कॅमेरा मी हातात घेऊन पाहिला. उजवा कोपरा पूर्ण पिवळा झालेला. मी सहज वाक्प्रचाराची आठवण करून दिली, तेव्हा ते म्हणाले, “सर, पितळ उघडं पडलंय, पण कॅमेऱ्याचं. माझं नाही.” षष्ठीचे हे विवेचन मला वर्गात इतक्या थोडक्यात करता आलेले नाही. उलट माझ्या वडिलांचा रुपेरी कॅमेरा चाळीस वर्षांनंतरही नवा दिसतो. ते तो कसा धरीत, कोणत्या खांद्यास अडकवीत, यांचा कसलाही माग त्यावर नाही. क्रोमने आपले काम चोख केले आहे, एवढेच त्यावरून समजते. आणि वडील गेल्यानंतर ते समजणे मला पुरेसे वाटेनासे झाले आहे.

पुढे खालची धातूच गेली. १९७६ च्या ‘कॅनन एई-१’चे वरचे झाकण प्लास्टिकचे असून त्यावर रुपेरी लेप होता, हा मात्र व्याख्येनुसार मुलामाच. १९८७ च्या ‘कॅनन ईओएस ६५०’ सारख्या कॅमेऱ्यांत काळे पॉलिकार्बोनेट आले व काळा वर्ण व्यावसायिकांची खूण न राहता सर्वांचाच झाला. मग जुनेपणाची ओढ रुपेरीकडे वळली. २०११ साली बाजारात आलेला ‘फुजीफिल्म एक्स १००’ मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा असूनही रुपेरी वेषात आला तो यामुळेच. ज्या फिल्मच्या आठवणीने हे सारे चालते, त्या फिल्मवर काळे दिसते ती मुळी चांदीच असते. प्रकाश लागलेले चांदीचे क्षार डेव्हलपरमध्ये काळी चांदी होऊन बसतात. निगेटिव्हच्या दृष्टीने पाहता काळा आणि रुपेरी हा वाद एकाच धातूचा आहे.

२०१५ साली लायका कंपनीने लेनी क्रॅविट्झ या गायकाच्या आखणीनुसार ‘एम-पी कॉरस्पाँडंट’ या नावाचे १२५ संच काढले. त्यांतील कॅमेऱ्यांवरचा काळा रंग कारखान्यातच ठिकठिकाणी झिजवून पितळ उघडे केलेले होते. कारागिरी उत्तम होती. तथापि हातांनी न झिजविलेले पितळ हे, पितळ असूनही, मुलामाच होय. येथे न घडलेल्या प्रवासाचे सोंग आहे, आणि आपला वाक्प्रचार पुन्हा लागू पडतो. फरक एवढाच की फजितीची वस्तू येथे पितळेखाली नसून पितळ हीच आहे. रुपेरी बॉडी खरवडून काळी रंगविणे व कारखान्याची मूळची म्हणून विकणे हा व्यवहारही जुन्या बाजारात चालतो, कारण मूळच्या काळ्या लायकाची किंमत रुपेरीच्या कितीतरी पट असते. अशा वेळी जाणकार रंगाकडे न पाहता बॉडीवरील क्रमांक कारखान्याच्या नोंदींशी ताडून पाहतात.

गतवर्षी आमच्या एका विद्यार्थ्यास बोलीच्या सर्वेक्षणासाठी जुना कॅमेरा घ्यावयाचा होता. दुकानात एकाच बनावटीचे दोन होते. मी त्यास एवढेच सांगितले की एप्रिलच्या उन्हात काळी वस्तू अधिक तापते. कॅननच्या मोठ्या दूरदर्शी लेन्स पांढऱ्या असतात त्याही उष्णतेमुळेच. शिवाय खाऱ्या हवेत वर्णापेक्षा लेन्समधील बुरशी पाहावी. त्याने बुरशी पाहिली, दोन्हींत नव्हती. मग त्याने रुपेरी घेतला. तो आठशे रुपयांनी स्वस्त होता.