पन्नास वर्षांची परीक्षा

मुंबई-पुण्याच्या रस्त्यांखालून स्वयंपाकाचा गॅस घेऊन येणारी नळी बहुतेक ठिकाणी प्लॅस्टिकची असते, असे मी सांगितले की समोरच्या गृहिणी हटकून दचकतात. "अगबाई, प्लॅस्टिकची?" होय, पॉलिएथिलीनची. ती गंजत नाही, हा तिचा मोठा गुण. आणि तिचे आयुष्य धरतात किमान ५० वर्षे.

पण ५० वर्षे टिकते की नाही हे पाहायला थांबणार कोण?

जुनी युक्ती अशी, की नळीत दाबाने पाणी भरायचे, ती किती तासांनी फुटते ते मोजायचे आणि कागदावरची रेघ पुढे वाढवायची. रेघ काय, ओढाल तितकी लांब जाते! अमेरिकेत आयोवा राज्यातील वॉटरलू गावी १७ ऑक्टोबर १९९४ रोजी गॅसचा स्फोट होऊन ६ माणसे दगावली. १९७१ साली पुरलेली प्लॅस्टिकची नळी २३ वर्षांतच तडकली होती. १९६० ते १९८० च्या सुमारास घातलेल्या पुष्कळ नळ्यांचे बळ त्या रेघेने फाजील ठरवले असावे, असे तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने १९९८ साली सांगितले.

कारण प्लॅस्टिक दोन तऱ्हांनी मोडते. मोठा जोर आला तर ते फुगते, ताणते, मग फाटते. थोडाच पण अखंड जोर असला, नळीखाली एखादा टोकदार दगड रुतलेला असला, तर बारीकशा ओरखड्यातून चीर निघते आणि केसाकेसाने सरकते. पाच-पंचवीस वर्षे कुणाला पत्ता नसतो.

ही चीर लवकर बोलती करायची कशी? कुणी नमुना ८० अंश उष्णतेच्या साबणासारख्या द्रावणात ताणून ठेवतात. मला पटते ती ऑस्ट्रियातील लेओबेनच्या संशोधकांनी पुढे आणलेली तऱ्हा. २०१५ पासून तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा आहे. त्याच प्लॅस्टिकची १४ मिलिमीटर जाडीची गोल कांडी घेतात, दाढीच्या पात्याने तिला सभोवार दीड मिलिमीटर खाच पाडतात आणि सेकंदाला दहा वेळा ओढतात, सोडतात. उष्णता फक्त खोलीतली, २३ अंश. लाखो हिसके मोजले जातात. मग हिसक्याचा चढउतार कमी कमी करीत, अजिबात न हलणाऱ्या ओझ्याखाली चीर किती वेगाने चालेल याचा अंदाज बांधतात. म्हणजे येथेही शेवटी रेघ आलीच. मात्र या खेपेस ती खऱ्या दुखण्यावरून ओढलेली असते.

तुटलेल्या कांडीचे तोंड पाहण्यासारखे असते. कडेचे वर्तुळ सपाट, चिरेने शांतपणे खाल्लेले. मधला ठिपका तेवढा ओढून लांबलेला. शेवटचे ओझे त्यानेच धरलेले असते.