माहितीचा हक्क आणि जागल्यास अभय

सोलापुरांत सात रस्ता म्हणून जें ठिकाण आहे, त्याच्या नांवांतच त्याचा परिचय आहे. अशा वर्दळीच्या जागीं एखादा रस्ता नव्यानें डांबरी झाला आणि पहिल्याच पावसांत त्याला खळगे पडले, अशी कल्पना करावी. या कामीं पैसा किती खर्चला, तें कोणीं केलें आणि काम चोख झाल्याचा दाखला कोणीं दिला, असे प्रश्न जाणाऱ्यायेणाऱ्याच्या मनांत उभे राहणारच. पूर्वीं हे प्रश्न पानाच्या दुकानावर विचारले जात आणि तेथेंच विरून जात. आतां ते विचारण्यास कायद्याचा आधार आहे. परंतु विचारणाऱ्यास व आंतून खरें सांगणाऱ्यास तितकाच आधार आहे काय, हें पाहणें अगत्याचें आहे.

सरकारी दप्तर प्रजेच्या दृष्टीस पडावयाचें नाहीं, ही समजूत परकी अमदानींतील. १९२३ सालच्या सरकारी गुपितांच्या कायद्यानें ती दृढ केली व स्वातंत्र्यानंतरहि ती दीर्घकाळ टिकली. तिला मोठा धक्का दिला तो राजस्थानांतील गरीब मजुरांनीं. मजदूर किसान शक्ति संघटनेच्या वतीनें १९९६ सालीं ब्यावर येथें त्यांनीं धरणें धरलें. आपल्या गांवच्या कामांचे हजेरीपट व खर्चाचीं बिलें पाहावयास मिळावींत, एवढीच त्यांची मागणी होती. महाराष्ट्रांत २००० सालीं झालेला कायदा तोकडा ठरला. अण्णा हजारे यांनीं चळवळ केली आणि २००२ सालीं अधिक सबळ कायदा आला. पुढें साऱ्या देशासाठीं केलेला माहितीच्या अधिकाराचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणें अंमलांत आला.

त्याची रीत सोपी आहे. महाराष्ट्रांत ठराविक नमुन्याप्रमाणें अर्ज लिहून त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावावा. एका अर्जांत एकच विषय असावा व मजकूर १५० शब्दांपलीकडे जाऊं नये. माहिती कशासाठीं हवी, हें सांगण्याची सक्ति नाहीं. मात्र हा कायदा कोणाचा अभिप्राय मिळवून देत नाहीं. दप्तरीं असलेली माहिती देतो. म्हणून ‘रस्ता खराब कां झाला?’ असें पुसण्यापेक्षां कामाचा करारनामा, मोजमाप पुस्तक व चुकत्या केलेल्या बिलांच्या प्रती मागाव्या. कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा व वापरलेल्या मालाचा प्रमाणित नमुना घेण्याचाहि हक्क आहे.

माहिती अधिकाऱ्यानें ३० दिवसांत उत्तर द्यावयाचें असतें. जीविताचा वा स्वातंत्र्याचा प्रश्न असल्यास ४८ तासांत. उत्तर न आल्यास वा अपुरें आल्यास ३० दिवसांत वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिलें अपील करावें. तेथेंहि दाद न लागल्यास ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरें अपील करतां येतें. सोलापूरचीं अपिलें आयोगाच्या पुणें खंडपीठाकडे जातात. योग्य कारणावांचून दिरंगाई करणाऱ्या अधिकाऱ्यास दररोज २५० रुपये याप्रमाणें २५,००० रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो, आणि तो त्याला स्वतःच्या पदरचा भरावा लागतो.

येथवर प्रश्नाचें रक्षण झालें, प्रश्नकर्त्याचें नव्हे. अर्जावर नांव व पत्ता असतो, आणि ज्याच्या हितास बाध येतो त्याच्या कानीं तो जाण्यास वेळ लागत नाहीं. पुण्याजवळ तळेगांव दाभाडे येथें जमिनीच्या व्यवहारांतील गैरप्रकार याच कायद्याच्या बळावर उघडकीस आणणारे सतीश शेट्टी यांचा १३ जानेवारी २०१० रोजीं सकाळीं खून झाला. पुढें २०१३ सालीं कलकत्त्याच्या उच्च न्यायालयानें अर्जदारानें घराच्या पत्त्याऐवजीं टपालपेटीचा क्रमांक दिला तरी चालेल, असें ठरविलें.

याहूनहि बिकट स्थिति कार्यालयांतील नोकराची. खोटें मोजमाप लिहिलें गेलें तर तें प्रथम दिसतें कारकुनास वा कनिष्ठ अभियंत्यास. गांवगाड्यांत रात्रीं पहारा करून लोकांस सावध करणाऱ्यास जागल्या म्हणत. आज अशा खबर देणाऱ्या माणसासहि तेंच नांव मिळालें आहे. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणांतील अभियंते सत्येंद्र दुबे यांनीं कामांतील गैरव्यवहार पंतप्रधानांच्या कार्यालयास पत्रानें कळविला व आपलें नांव गुप्त ठेवण्याची विनंति केली. ती पाळली गेली नाहीं. २७ नोव्हेंबर २००३ रोजीं गया येथें त्यांची हत्या झाली. त्यानंतर एप्रिल २००४ मध्यें केंद्र सरकारनें ठराव करून अशा तक्रारी गुप्तपणें घेण्याचें काम केंद्रीय दक्षता आयोगाकडे सोपविलें. परंतु हा ठराव केंद्राच्या खात्यांपुरता व संस्थांपुरता आहे. महानगरपालिकेच्या कारकुनास त्याचा उपयोग नाहीं.

ही उणीव भरून काढण्यासाठीं जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेनें केला व मे २०१४ मध्यें त्यास राष्ट्रपतींची संमति मिळाली. राज्यांतील नोकरांविरुद्धच्या तक्रारीहि त्यांत येतात. तक्रारदाराचें नांव फोडणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. आणि तक्रारदाराचा छळ झाला नाहीं, हें सिद्ध करण्याचा भार अधिकाऱ्यावर टाकला आहे. पण कायदा लागूं करण्याची अधिसूचना २०२४ साल संपलें तरी निघाली नव्हती. छापलेला कायदा कपाटांत राहिला, तर त्याचें अभय कोणास मिळणार?

तोंवर नागरिकांच्या हातीं एक उपाय आहे. एकाच कामाची माहिती अनेकांनीं निरनिराळ्या अर्जांनीं मागावी, म्हणजे रोष एकावर येत नाहीं. केंद्रीय माहिती आयोगानेंहि २०११ सालीं ठराव केला, कीं अर्जदारावर हल्ला झाल्यास त्यानें मागितलेली माहिती खात्याकडून आपण होऊन प्रसिद्ध करवावी. या ठरावाचें मर्म असें, कीं माणसास गप्प करून कागद लपत नाहीं हें कळलें, तर हल्ल्याचा हेतूच नाहींसा होतो. कायद्याचें चौथें कलमहि खात्यांनीं आपली माहिती न मागतां प्रसिद्ध करावी असें सांगतें. तें नीट पाळलें गेलें, तर सात रस्त्यावरच्या खळग्यांचा हिशेब पुसण्यासाठीं कोणा एकट्यास धैर्य गोळा करावें लागणार नाहीं.